डावीकडचा शेवटचा पाय

"आधी त्याच्या तोंडातलं लिंबू काढा!"

सुलेमी चाब्ले एवढ्या जोरात ओरडली की खानावळीतल्या सगळ्या टेबलांवरचे चमचे थांबले. खरं तर ती जेवायला आलीच नव्हती. बाहेर नोर्ते सुटला होता... तो उत्तरेचा गार, ओला, हट्टी वारा, ज्याने प्रोग्रेसो बंदराच्या धक्क्यावर आजवर कुणाची छत्री धड ठेवलेली नाही. तिचीही उलटली, म्हणून ती दोन्या कांदीच्या, म्हणजे कांदीबाईंच्या, मासळीच्या खानावळीत शिरली. आणि शिरल्या शिरल्या समोर काय, तर बर्फाच्या परातीत, खेकडे आणि कोळंब्यांच्या मधोमध, थेट देव्हाऱ्यात बसवल्यासारखं ते! फिकट जांभळी पाठ, वीतभराहून मोठं धूड, डोक्यावर कागदाची टोपी, तोंडात लिंबाची फोड.

समुद्राच्या तळाशी, जिथे उजेड पोचत नाही, तिथला आयसोपॉड. ओल्या कुंडीखाली सापडणारा, बोट लावलं की गोळी होऊन बसणारा किडा असतो ना, त्याचाच हा अवाढव्य भाऊबंद. सुलेमी धक्क्याजवळच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं त्याच्याच मागे होती. तिच्याकडे एक मादी होती, तीही मागचे पाय जाळ्यात तुटलेली. ही मादी नेहमीच्या जातीची नव्हे, ही नवीनच जात आहे, असं तिला मनोमन वाटत होतं. पण नर दाखवल्याशिवाय तिच्या धंद्यात कुणी विश्वास ठेवत नाही. आणि तो नर इथे टोपी घालून गिऱ्हाइकं जमवत होता. आता सांगा, माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय!

"बाईसाहेब, लिंबू तो खात नाही. शोभेला आहे," परातीमागून आवाज आला.

परातीमागे एक उंच, सावळा तरुण उभा होता. कानावर पेन्सिल, बोटांना रंग, आणि चेहऱ्यावर असं हसू की तिचा राग दुप्पट झाला.

"कोण तुम्ही?"

"आमिल्कार कानुल. दोन्या कांदीचा मुलगा. कार्निव्हलच्या मिरवणुकीत कागदाच्या मोठाल्या मगरी, पोपट बघता ना, ते मी करतो. उरलेल्या वर्षात ही परात सजवतो. पाऊस असला तरी या झुरळापायी गर्दी हटत नाही."

"झुरळ म्हणायचं नाही!"

"बरं. रागोबा म्हणतो मी त्याला. समोरून बघा ना... तिरके डोळे, कपाळाला आठी. जगावर नाराज. खोल पाण्यात सापळे टाकणाऱ्या बोटीवरून आला तेव्हापासून विचार करतोय, हे तोंड कुणासारखं आहे. आज उलगडा झाला."

"कुणासारखं?"

"सांगितलं तर माराल."

"हा प्राणी मला हवाय," सुलेमी दात आवळून म्हणाली. "विज्ञानासाठी."

"विज्ञानाला नाही कोण म्हणणार? पण एक अट. मी त्याला भेटायला येणार."

"प्रयोगशाळा म्हणजे काय प्राणिसंग्रहालय वाटलं?"

"त्याला भेटायला हो," तो गंभीरपणे म्हणाला. "तुम्हाला नाही."

गल्ल्यावर बसलेली दोन्या कांदी पदराआड हसावं तशी हात तोंडावर धरून हसली. सुलेमीने लिंबू स्वतःच्या हाताने काढलं, टोपी काढून आमिल्कारच्या हातात दिली, रागोबाला बर्फासकट पिशवीत घातलं आणि भर पावसात निघाली. जाताना आभार मानायचं राहून गेलं, हे तिला धक्क्यावर पोचल्यावर आठवलं. मागे फिरून आभार मानायला जाणं तर त्याहून संतापजनक होतं, म्हणून ती गेली नाही.

तो मात्र आला. एकदा नाही, दर आठवड्याला. कधी हातात पानुचो, म्हणजे काळा घेवडा भरलेली तळलेली पोळी, कधी ओर्चाताच्या गोड तांदूळपाण्याची बाटली, आणि कायम तेच हसू. प्रयोगशाळेत खायला बंदी होती. सुलेमी त्याला दारातच अडवून खडसवायची, मग दोघं दारातच उभ्याने खायचे. तिथल्या प्रमुख डॉक्टर एवेलिया रोसादो, गळ्यात दोरीने भिंग बांधलेल्या, कोरड्या स्वभावाच्या बाई, शेजारून जाताना एकच म्हणायच्या, "कांदा जास्त घातलाय वाटतं." तेवढंच.

सुलेमीला घाई होती. तिची शिष्यवृत्ती कार्निव्हलच्या महिन्यात संपणार होती. तोवर ही नवी जात छापून आली तर डॉक्टर तिच्यासाठी कायमची जागा मागणार होत्या. नाही आली, तर तिसिमीनला परत, आईच्या कापडाच्या दुकानात, गिऱ्हाइकांना "खणखणीत माल आहे" म्हणत जन्म काढायचा. कापडावर तिचा राग नव्हता. पण समुद्राच्या तळाचा एक जीव आपण सोडून कुणीच ओळखला नाही, आणि आपण मात्र गजाने कापड मोजतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की तिचे कान तापायचे.

"याचे पाय का तोडतेस?" एकदा आमिल्कारने काचेवर वाकून विचारलं. एव्हाना दोघांचं अहो-जाहो कधी सुटलं, ते कुणालाच कळलं नव्हतं.

"तोडत नाही, सोडवते. नवीन जातीचं वर्णन करायचं तर एकेका पायाचं चित्र लागतं. काटे, केस, सांधे, सगळं."

"आणि फक्त डावीकडचेच?"

"रीत आहे आमच्यात. सोडवायचे ते डावीकडचे. उजव्या बाजूला कुणी हात लावायचा नाही. उद्या आपण मेल्यावर कुणाला खात्री करून घ्यावीशी वाटली, तर एक बाजू तरी शाबूत हवी ना?"

"पण... समजा, डावीकडचाच एखादा पाय बरोबर नसला तर?"

"बरोबर नसायला काय झालंय? देवाने दोन्ही बाजू सारख्या दिल्यात," ती चित्रातून डोकं न काढता म्हणाली. "हा शेवटचा जरा कडक निघाला बघ. बर्फात ठेवला होतास ना, त्याचाच प्रताप."

ओर्चाता तशीच ठेवून आमिल्कार खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग अगदीच वेगळ्या आवाजात म्हणाला, "नाव काय देणार त्याला? तुझंच दे की."

"शी! स्वतःचं नाव स्वतः द्यायचं? अरे, या धंद्यात त्याहून निर्लज्ज काही नाही. लोक आयुष्यभर हसतील."

"सुलेमी..."

"काय?"

"मला तुला... काहीतरी सांगायचंय."

तिचं पेन हातातच राहिलं. कानामागची बट तिने उगीचच मागे सारली. बाहेर नोर्तेचा भुरभुर पाऊस काचेवर येत होता, आणि तो तिच्याकडे बघत होता... मग दाराशी डॉक्टर एवेलिया खाकरल्या. तो "पुढच्या वेळी सांगतो" म्हणाला आणि गेला.

पुढच्या वेळीही सांगितलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तोंड उघडायचा, मिटायचा, "आज वारा फार आहे" म्हणायचा. वारा आहे हे प्रोग्रेसोत कुणाला सांगावं लागतं? सुलेमी घरी जाऊन उशीवर गुद्दे घालायची. एवढा मगरी आणि पोपट घडवणारा माणूस, आणि तोंडातून तीन शब्द निघू नयेत! भित्रा कुठला!

तिने नाताळाआधी नियतकालिकाला लेख पाठवला. जानेवारीत उत्तर आलं.

ते वाचून ती ज्या वेगाने खानावळीत घुसली, तो बघून एक गिऱ्हाईक ताट घेऊन बाजूला सरकलं.

"कोण समजतात हे परीक्षक स्वतःला?" तिने कागद टेबलावर आपटला. "नाव नाही, गाव नाही, पडद्याआड बसून निकाल देतात! ऐक. 'लेखिका ज्या प्राण्याला नवीन जात म्हणते, तो तिच्याच चित्रामुळे खोटा ठरतो. शेवटचा पाय नेहमीच्या जातीचा आहे. लेखिकेने वर्णन करण्याआधी पाहण्याची सवय लावून घ्यावी.' पाहण्याची सवय! मला! अरे, मी या प्राण्याशिवाय दुसरं काय पाहिलंय आजवर? डोळे गेले माझे भिंगातून बघून बघून! पाठ वेगळी, शेपटी वेगळी, जबडा वेगळा, आणि हा म्हणतो पाय तोच आहे! असेल तोच! एका पायावर जात ठरते का?"

"ठरते का?" आमिल्कारने विचारलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दुर्दैवाने, हो," ती खुर्चीत कोसळली. "शेवटचा पाय सगळ्यात महत्त्वाचा. तो जुन्यासारखा असेल, तर बाकीचे फरक वयाचे म्हणून सोडून देतात. संपलं सगळं. जाते तिसिमीनला. कापड विकते."

"जाऊ नकोस."

ती थांबली. दोन्या कांदीने रेडिओ बारीक केला.

"सुलेमी, मी तुला केव्हाचं सांगेन सांगेन म्हणतोय," तो तिच्यासमोर बसला. रंग लागलेली बोटं टेबलावर एकमेकांत अडकवली. "दरवेळी वाटायचं, सांगितलं तर तू मला दारात उभं करणार नाहीस. आणि मला तिथे... त्या दारात उभं राहायला फार आवडतं. पण आता नाही सांगितलं तर मी माणूसच नव्हे."

"सांग," ती म्हणाली. कानामागची बट तिने पुन्हा मागे सारली.

"तो पाय मी चिकटवला."

दोन्या कांदीने आता रेडिओ बंदच केला.

"...काय?"

"रागोबा आला तेव्हा त्याला डावीकडचा शेवटचा पाय नव्हता. लंगडा प्राणी परातीत कसा ठेवायचा? त्याच सापळ्यात दुसरा एक होता, नेहमीचा, चिरडलेला. त्याचा पाय काढला, सांध्यात बसवला, गोंद लावला, वरून हलकासा रंग... कार्निव्हलचं काम करतो ना मी. जोड दिसू नये, हीच तर माझी कला."

"तुझी कला?" सुलेमी उठली. खुर्ची मागे पडली. "तुझी कला! मी महिनाभर तुझ्या गोंदाचं चित्र काढत बसले होते? त्याचा एकेक काटा मोजत? आणि तू शेजारी उभा राहून पानुचो खात होतास?"

"मला सांगायचं होतं—"

"मला वाटलं तू दुसरंच काहीतरी सांगणार आहेस!"

"दुसरं काय?"

"काही नाही!"

"सुलेमी, दुसरं काय?"

"काही नाही म्हटलं ना! मगरी कर! पोपट कर! माझ्यासमोर येऊ नकोस!"

ती छत्री न घेता निघाली. धक्क्यावर वारा तोंडावर थपडा मारत होता आणि ती वाऱ्यालाही शिव्या घालत होती. रागाच्या भरात अर्धा रस्ता संपल्यावर तिचे पाय एकाएकी थांबले. डावीकडचा पाय खोटा. मग उजवीकडचा?

उजवीकडे तिने पाहिलंच नव्हतं.

प्रयोगशाळेत डॉक्टर एवेलिया एकट्याच होत्या. सुलेमीने ओल्या हातांनी बरणी उघडली, रागोबाला कुशीवर वळवलं आणि भिंग खाली ओढलं. उजवीकडचा शेवटचा पाय लांब होता, बारीक होता, आणि आतल्या कडेला वरपासून खालपर्यंत दाट केसांची झालर होती. नेहमीच्या जातीत अशी झालर नसते. कुठल्याच माहीत असलेल्या जातीत नसते.

"बघू," म्हणून डॉक्टरांनी तिला बाजूला सारलं. गळ्यातलं भिंग पुसून त्यांनी झालर पुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, "ही नवीन जात आहे. शेंबड्या पोरालाही कळेल. तुझं उजवीकडे बघायचं राहिलं कसं?"

"रीत आहे ना, उजवीकडे हात लावायचा नाही..."

"रीत हात न लावायची आहे, मुली. डोळे न लावायची नाही."

सुलेमी मटकन स्टुलावर बसली आणि रडली. पराकोटीच्या संतापाने रडली. तो अनोळखी परीक्षक बरोबर होता, हाच केवढा मोठा अपमान! त्यात आणखी भर म्हणजे आमिल्कारवर धड रागावताही येईना. त्याने गोंद लावला म्हणून जात बुडत होती, आणि त्याने कबूल केलं म्हणून वाचली. गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. ती तिसिमीनला गेली असती आणि तो तिच्या नजरेत चांगलाच राहिला असता. हे सगळं माहीत असून तो बोलला. अशा माणसाचं करायचं तरी काय?

तिने उजवा पाय जागच्या जागी, हात न लावता, पाहून पाहून कागदावर काढला. जे घडलं ते लेखात जसंच्या तसं लिहिलं: डावा शेवटचा पाय मूळचा नव्हे, सजावटीसाठी चिकटवलेला. लिहिताना तिचे गाल तापत होते, पण लिहिलं. जातीचं नावही बदललं. लेख पुन्हा पाठवला. आमिल्कार मात्र आला नाही. येऊ नकोस म्हटल्यावर खरंच न येणारा माणूस! काही म्हटलं की लगेच ऐकायचंच असतं का?

एके दिवशी दारात दोन्या कांदी उभी राहिली, हातात पान दे कासोनचं, मुशी माशाचे थर दिलेल्या पोळ्यांचं, झाकलेलं ताट.

"तुमच्या भांडणात मी पडत नाही, मुली," ती म्हणाली. "पण तो हल्ली सूपमध्ये मीठ दोनदा घालतो. माझी गिऱ्हाइकं तरी सोडा."

कार्निव्हलच्या मिरवणुकीच्या दिवशी सकाळी उत्तर आलं. लेख स्वीकारला होता. त्याच परीक्षकाने एक ओळ लिहिली होती: "आता पाहिलंत." सुलेमीने त्या ओळीला जीभ काढून दाखवली, मग डॉक्टरांना मिठी मारली. डॉक्टर अवघडून म्हणाल्या, "बरं, बरं. जागेचा अर्ज उद्या पाठवते. आता जा कुठे जायचं ते."

समुद्राकाठच्या रस्त्यावर माणूस मावत नव्हता. ढोल, तुताऱ्या, रंगीत कागदाचा पाऊस. मगर गेली, पोपट गेले, आणि त्यांच्यामागून एका सजवलेल्या ट्रकवर... रागोबा! घराएवढा, फिकट जांभळा, तिरक्या डोळ्यांचा, कपाळाला आठी. पोरं टाळ्या पिटत होती. सुलेमी गर्दीतून कोपरं मारत पुढे घुसली. कारण तिला दिसलं होतं. दिसणारच. उजवीकडच्या शेवटच्या पायाला झालर नव्हती, आणि डावीकडे तर तो पायच नव्हता.

"ए! थांबव ट्रक!" ती चाकाशेजारी धावत ओरडली.

आमिल्कारने वरून पाहिलं आणि त्याच्या हातातला गोंदाचा डबा निसटता निसटता राहिला. त्याने वाकून हात दिला. ती वर चढली, धापा टाकत, केसांत रंगीत कागद, डोळ्यांत नुसती आग.

"हा पाय कुठेय?"

"लावायची हिंमत झाली नाही," तो म्हणाला. "तुला विचारल्याशिवाय."

सुलेमीने रिकाम्या सांध्यावरून बोट फिरवलं.

"आणि झालर?" ती कशीबशी म्हणाली. "उजव्या पायाला आतून झालर असते. दाट. एवढं साधं माहीत नाही?"

"म्हणजे... नवीन जात आहे?"

"आहे! आज स्वीकारली. नावही ठरलं. इराकुंदुस."

"म्हणजे काय?"

"लॅटिनमध्ये रागीट."

आमिल्कारने एकदा कागदाच्या रागोबाच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा तिच्या. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं, संतापजनक हसू उगवलं. "अरेच्चा! स्वतःचं नाव दिलंस? लोक आयुष्यभर हसतील म्हणत होतीस!"

"त्याच्या चेहऱ्यावरून दिलंय! लेखात तसं लिहिलंय!"

"हो, हो. त्याच्याच चेहऱ्यावरून."

"आणि कुणाला कळणार आहे?"

"मला."

"तुला कळलं तर चालेल," ती म्हणाली, आणि मग आपण काय बोलून बसलो ते लक्षात येऊन आणखीच चिडली. "तुझं अजून काही सांगायचं राहिलंय की नाही? का तेही कार्निव्हल ते कार्निव्हल पुढे ढकलत राहणार?"

तो काहीतरी म्हणाला. नेमक्या त्याच वेळी तुताऱ्या सुरू झाल्या.

"काय?"

त्याने पुन्हा सांगितलं. ढोल.

"मोठ्याने बोल की! खोटा पाय चिकटवताना हात थरथरला नाही, आणि आता घसा बसला?"

तेव्हा आमिल्कार कानुलने मिरवणुकीचा भोंगा उचलला आणि सांगितलं की सुलेमी चाब्लेवर त्याचं प्रेम आहे. लिंबू काढा म्हणून ती ओरडली होती, तेव्हापासून. धक्क्यापासून बाजारापर्यंत सगळ्या प्रोग्रेसोने ऐकलं. खाली कुठेतरी दोन्या कांदी "एकदाचा बोलला!" म्हणून किंचाळली.

"एवढ्या लोकांसमोर? लाज नाही वाटत?" सुलेमीचे कान लालबुंद झाले होते. पण तिने खाली उडी मारली नाही. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. या वेळी घाई नव्हती. आधी डावा गाल पाहिला, मग उजवा, दोन्हींना सारखाच गोंद लागला होता. आणि मग सगळी रीत बाजूला ठेवून तिने उजव्या गालावर ओठ टेकले.

"माझंही आहे," ती अजून रागातच म्हणाली. "आता तो डबा दे इकडे. आधी झालर लावू."